अनुच्चारित इतिहासाचे अभ्यासक

गेल्या दिवाळीत आमच्या अंबाजोगाईतील एका परिचित घराण्याचे कर्ते पुरुष मजकडे आले. चहा झाला, पीकपाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मग त्यांनी मूळ मुद्दा काढला. त्यांचा धाकटा मुलगा माझा विद्यार्थी. पुण्यास समाजशास्त्रात एम. ए. झाला असून आता त्याच शास्त्रात संशोधन करू पाहतो. विषय कोणता, तर महाराष्ट्रातील समलिंगी माणसांचा इतिहास! "गुरुजी, घरात सुना आहेत, नातवंडे आहेत. उद्या चारचौघांत कोणी विचारले तर सांगावे काय? आणि असल्या विषयावर नोकरी कोण देणार? तुमचे तो ऐकतो. दुसरा एखादा विषय घे, एवढे त्याला सांगा."

मी होकार दिला. ज्या घरातील दोन पिढ्या आपण शिकविल्या त्या घरास नाही म्हणणे कठीण. तथापि ज्या विषयाविरुद्ध बोलावयाचे तो आपण पाहिला तरी आहे काय, ही शंका रात्री मनात आली. तेव्हा त्या मुलाकडूनच मी पुस्तके मागविली. तोही असा सरळ, की आपल्याविरुद्ध वापरावयाची शस्त्रे त्याने स्वतः सायकलवरून आणून दिली.

नोकरीच्या प्रश्नाचे उत्तर प्रथम मिळाले. जेफ्री वीक्स ह्या इंग्रज राज्यातील गृहस्थांनी ह्याच विषयावर आयुष्य काढले आहे. त्यांचा जन्म १९४५ सालचा, वेल्समधील ऱ्होंडा ह्या कोळशाच्या खाणींच्या खोऱ्यात. तेथून ते इतिहास शिकण्यासाठी लंडनला गेले. १९७० साली तेथे समलिंगी लोकांची जी पहिली बंडखोर संघटना निघाली तीत ते सामील झाले, आणि १९७७ साली त्यांनी ब्रिटनमधील ह्या लोकांच्या चळवळीचा इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पुढे लंडनच्या साउथ बँक विद्यापीठात ते समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले, आणि २०१२ साली ब्रिटिश सरकारने त्यांना पदवीही दिली. म्हणजे पोट भरले, मानही मिळाला.

त्यांचे प्रतिपादन मला शिक्षकाच्या नात्याने आवडले, कारण ते शब्दांपासून सुरू होते. आकर्षण सर्व काळी होते. परंतु तेवढ्यावरून एखाद्या मनुष्याची निराळी जात ठरविणे, तिला नाव देणे, वैद्याने तिला रोग म्हणणे व न्यायाधीशाने तिला शिक्षा करणे, ह्या गोष्टींना सन आणि तिथी आहे. युरोपात ते नाव प्रथम छापले गेले १८६९ साली, जर्मन भाषेतील एका पत्रकात. आणि ते पत्रकही असल्या कायद्याविरुद्धच होते. इंग्लंडात १८८५ साली कायदा कडक झाला व दहा वर्षांनी ऑस्कर वाइल्ड ह्या नामांकित नाटककारास त्याखाली सक्तमजुरी झाली.

वीक्स ह्यांनी शीला रोबॉथम ह्या विदुषीसह त्याच १९७७ साली आणखी एक पुस्तक लिहिले. त्याच्या दोन नायकांपैकी एक हॅवलॉक एलिस. हा मनुष्य तरुणपणी ऑस्ट्रेलियाच्या रानात लहानशी शाळा चालवीत असे; सबब आम्हां शिक्षकांस तो अगदीच परका नव्हे. समलिंगी वृत्तीवरील त्याचा ग्रंथ १८९७ साली इंग्रजीत निघाला आणि पुढल्याच वर्षी तो विकणाऱ्यावर खटला झाला. तेच एलिसचे नाव ३७ वर्षांनी मुंबईच्या न्यायालयात उच्चारले गेले, आणि ते उच्चारणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

ती हकीकत अशी. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी अण्णासाहेबांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक, पॅरिसला जाऊन शिकून आलेले. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली त्यांना विल्सन कॉलेजातील जागा सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, सव्वीस वर्षे, कर्ज काढून व उपहास सोसून चालविले. १९३१ साली एका लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ च्या खटल्याचे कारण मात्र लेख नव्हता. वाचकांच्या प्रश्नांना त्यांनी छापलेली उत्तरे हे होते. प्रश्न हस्तमैथुन व समसंभोग ह्यांविषयी होते. बाबासाहेबांनी वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजेच अश्लील लिहिणे नव्हे, आणि लोक विचारीत असतील तर जाणत्याने उत्तर दिले पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. समसंभोगाच्या बाबतीत त्यांनी एलिससारख्या संशोधकांचा आधार दिला. खटला हरला. दंड २०० रुपये.

ह्या ठिकाणी पुस्तक मिटून मी बराच वेळ बसलो. प्रश्न विचारणाऱ्यांची मला आठवण झाली. कर्व्यांच्या वाचकांची नव्हे, माझ्या एका विद्यार्थ्याची. १९९१ चे वर्ष असावे. शाळा सुटल्यावर दहावीतला एक मुलगा घुटमळत राहिला आणि फार कष्टाने, निम्मे शब्द गिळून, आपल्या मित्राविषयी काही बोलला. मला समजले होते. मी त्याला ब्रह्मचर्यावरील एक पुस्तक दिले आणि सूर्यनमस्कार वाढवावयास सांगितले. पुस्तक त्याने आठ दिवसांनी परत केले, उत्तम वेष्टण घालून. परीक्षेनंतर तो गावातून गेला. पुन्हा दिसला नाही. १९३४ साली मुंबईतील माणसाला निदान पत्र लिहावयाला एक पत्ता तरी होता.

मुलाने एक संस्कृत प्रश्नही पाठविला होता: आपल्या ग्रंथांत ह्याविषयी काय आहे? इतकी वर्षे संस्कृत शिकविले, पण असले भाग आले की पाने उलटावी, ही आमची रीत. आता शोधले. कामसूत्रात 'तृतीया प्रकृति' म्हणून स्वतंत्र विचार आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सवस्त्र स्नानाचे प्रायश्चित्त आहे, आणि त्याच श्लोकात पाण्यात व दिवसा केलेल्या संभोगालाही तेच! कौटिल्य पूर्वसाहसदंड सांगतो, म्हणजे सर्वांत हलक्या प्रतीचा, ४८ ते ९६ पण. ही मान्यता नव्हे, हे मी जाणतो. जे गौण मानले त्याचे हे माप आहे. ह्याच गोष्टीस जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली ती १८६० च्या इंग्रजी दंडविधानाच्या कलम ३७७ ने. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांस त्यातून सर्वोच्च न्यायालयाने मोकळे केले ६ सप्टेंबर २०१८ रोजी. जिला आपण परंपरा म्हणून सांभाळत होतो ती जन्मठेप तरी आपली नव्हती.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वाड्यात गेलो. ओसरीवर सगळे जमले होते. मी म्हणालो, "विषय बदलू नये. मात्र संस्कृत कच्चे आहे, ते मी पक्के करून घेईन." थोरले काका उठून आत गेले. वडिलांनी हलक्या आवाजात एवढेच विचारले, "पण गुरुजी, त्याने हाच विषय का घेतला असेल?" त्या प्रश्नामागे कोणता प्रश्न होता तो मला कळला. "मी त्याला विचारलेले नाही," मी म्हणालो, "आणि सांगावेसे वाटले तर तो प्रथम तुम्हांलाच सांगू शकेल, असे घरात वातावरण ठेवा."

एवढ्यात माजघरातून आजींचा आवाज आला, "कर्वे म्हणजे अण्णांचा मुलगा ना? माझी मावशी हिंगण्याला शिकली. विधवेशी लग्न केले म्हणून अण्णांना मुरूडच्या लोकांनी वाळीत टाकले होते म्हणे." कोणी काही बोलले नाही. आजींनी नातवाला आत बोलावून फराळाचे ताट दिले.

दर रविवारी सकाळी तो पुण्याहून दूरध्वनी करतो आणि आम्ही कौटिल्य वाचतो. सध्या चौथ्या अधिकरणात आहोत. संधी सोडविताना अजून चुकतो. त्याचे वडील मजकडे चहाला अद्याप आलेले नाहीत.