बाराच्या पुढे हात का उचलत नाहीत?

चिखलीत संध्याकाळी साने चौक, कृष्णानगर, जाधववाडी, कुठल्याही बाजूला फिरा. एखाद्या हॉलमधून किंवा शाळेच्या पटांगणावरून कराटेच्या वर्गाची ‘इची, नी, सान’ अशी जपानी मोजणी कानावर येते. पांढऱ्या पट्ट्याची पोरं, आणि हल्ली त्यांच्या रांगेत तिशीतले एखाददोन बाबाही. पहिल्या दिवशी चार पुश-अपमध्ये ज्याची कोपरं थरथरली, तो महिनाभरात बारा काढू लागतो. घरी कौतुक होतं. मग आकडा तिथेच ठाण मांडतो. दुसरा महिना सरतो, तिसरा सरतो, तेरावा काही निघत नाही. सर म्हणतात, जोर लाव. मित्र म्हणतात, रोज काढ. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत.

मुळात ती पहिली झेप स्नायू वाढल्यामुळे आलेली नसतेच. मोरितानी आणि डिव्रीज या संशोधकांनी १९७९ साली बेटकुळीच्या स्नायूला आठ आठवडे व्यायाम देऊन पाहिला. सुरुवातीला वाढलेली ताकद बहुतांश मज्जासंस्थेची कमाई होती. स्नायू जाड होण्याचा वाटा तीन ते पाच आठवड्यांनंतर वाढत गेला. स्नायूतले तंतू गटागटाने काम करतात आणि प्रत्येक गटाला एकेक मज्जापेशी हुकूम सोडते. नवशिक्याच्या शरीराला सगळे गट एकदम कामाला लावता येत नाहीत. सरावाने ते जमतं आणि आकडा भराभर चढतो. ही कमाई संपली की पुढची वाढ स्नायूंनाच करावी लागते, आणि स्नायू घाईत नसतात.

इथेच मोजणीचा घोळ सुरू होतो. विल्यम एबेन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जोर मोजणाऱ्या पाटावर पुश-अप करून घेतले. साध्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे ६४ टक्के भार येतो. गुडघे टेकले तर ४९ टक्के. हात ६० सेंटिमीटर उंचीवर ठेवले तर ४१, आणि पाय तेवढ्याच उंचीवर ठेवले तर ७४. म्हणजे ७० किलोच्या माणसासाठी साधा पुश-अप जवळपास ४५ किलोचा, गुडघ्यांवरचा ३४ चा, हात बाकावर ठेवून केलेला २९ चा आणि पाय बाकावर टाकून केलेला ५२ किलोचा. चार प्रकारांना आपण एकाच नावाने हाक मारतो, पण हातांना चार वेगळी ओझी उचलावी लागतात.

जेमतेम बारा वेळा उचलता येणारं वजन हे साधारणपणे आपल्या कमाल ताकदीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतं. रोज त्याच ४५ किलोंशी त्याच बारा वेळा झुंजत राहिलं, तर शरीर तेवढ्यापुरतं तयार राहतं. जास्त ताकद कमावण्याचं कारणच त्याला मिळत नाही. कमाल ताकद वाढली, की तेच ४५ किलो तुलनेने हलके होतात आणि तेरावा, पंधरावा आपोआप निघतो. म्हणून तेराव्याच्या मागे लागण्याऐवजी काही आठवडे पाय पायरीवर टाकून पाच-सहाच काढावेत, हे ऐकायला उलटं वाटतं, पण हिशेबाला धरून आहे.

आपल्या तालमींना वजनाची ही बाजू अनोळखी नव्हती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव एका दमात दोन-तीनशे जोर काढत, असं त्यांचे सहकारी सांगत. आपण तो आकडा लक्षात ठेवतो आणि वजनांचा व्यायामही त्यांच्या दिनक्रमात होता, हे विसरतो. शिवाय समोर अंगावर येणारा जोडीदार असतो तो वेगळाच. दोनशे जोर हे मुख्यतः दमाचं काम. ताकद त्याआधीच कमावलेली असते.

ज्याला अजून पाचही नीट निघत नाहीत, त्याने उलट दिशेने जावं. हात बाकावर, मग पायरीवर, मग जमिनीवर. गुडघे टेकण्यापेक्षा हे बरं, कारण टाचेपासून डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवायची सवय मोडत नाही, आणि कराटेत ठोसा मारताना कंबर ढिली पडून चालत नाही. खाली जाताना तीन-चार सेकंद घेणं हाही चांगला उपाय. वर ढकलता येत नाही असं वजनसुद्धा सावकाश खाली सोडता येतं. मुठीवरचे पुश-अप तर्जनी आणि मधल्या बोटाच्या गाठींवर, मनगट सरळ ठेवून करायचे, तेही मॅटवर. फरशीवर करून दाखवण्यात शौर्य नाही.

उरला प्रश्न विश्रांतीचा, आणि या औद्योगिक पट्ट्यात तोच सगळ्यात अवघड. तळवडे किंवा चाकणच्या कंपनीत तिसरी पाळी करून आलेला माणूस दिवसा चार तास झोपतो आणि संध्याकाळी वर्गात उभा राहतो. कॅनडात १९९५ मध्ये झालेल्या एका अभ्यासात जोरकस व्यायामानंतर २४ तासांनी स्नायूंमधली प्रथिनं बनण्याची गती दुपटीवर होती. ३६ तासांनी ती जवळपास मूळ पातळीवर आली. म्हणजे स्नायूंचं बांधकाम वर्ग सुटल्यानंतर चालतं, त्यामुळे थकेपर्यंतचा व्यायाम आठवड्यातून तीनदा पुरे. आहाराकडेही तितकंच लक्ष हवं. सर्वसाधारण माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं रोज पुरतात, असं आयसीएमआर सांगते. ताकद वाढवू पाहणाऱ्यांसाठी अभ्यासक १.६ ग्रॅमपर्यंत जातात. सकाळच्या पोह्यांनी ते भागत नाही. मूठभर शेंगदाणे, दोन अंडी किंवा सोयाबीनच्या वड्या सोबत हव्यात. डब्यात हे बसतं, खर्चही फार नाही.

वर्ग घेणाऱ्या सरांना मात्र एक विनंती. उशिरा आला म्हणून वीस, पट्टा विसरला म्हणून आणखी वीस, ही प्रथा थांबवा. दमलेल्या हातांनी काढलेले वाकडे-तिकडे वीस ताकदही वाढवत नाहीत आणि कोण किती सुधारला हेही कळू देत नाहीत. सगळ्या रांगेला एकच आकडा देण्यापेक्षा प्रत्येकाला त्याच्या ताकदीची उंची ठरवून द्या, कोणाचे हात बाकावर, कोणाचे पाय. आणि खांद्यात किंवा मनगटात टोचणारी वेदना आठवडाभर राहिली, तर त्या मुलाला पुश-अप नव्हे, डॉक्टर दाखवा.