बाळ एकाच बाजूला का पितं?

बाळंतिणीच्या खोलीत एक तक्रार हमखास ऐकू येते. बाळ डावीकडे छान पितं, पण उजवीकडे घेतलं की मान फिरवतं, अंग ताठ करतं, रडून घर डोक्यावर घेतं. मग खोलीतल्या प्रत्येकीकडे एकेक निदान तयार असतं. त्या बाजूचं दूध नासलं, नजर लागली, आईनं काहीतरी वातूळ खाल्लं. सगळ्यांचं एकमत होतं ते मात्र एकाच गोष्टीवर : वरचं दूध सुरू करा!

मी डॉक्टर नाही, कविता लिहिणारी बाई आहे. पण घरात आणि शेजारात बरीच बाळंतपणं पाहिली, बालरोगतज्ज्ञांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं, त्या बळावर चार शब्द बोलते.

छातीत दूध नासत नसतं. दोन्ही बाजूंना ते एकाच रक्तातून तयार होतं. आईनं वांगी खाल्ली म्हणून फक्त उजवीकडचं दूध बिघडेल, असं कसं होईल? एका बाजूचा हट्ट असेल तर कारण त्या एका बाजूतच शोधायला हवं. कधी ते आईच्या अंगात सापडतं, कधी बाळाच्या.

आधी बाळाकडे बघू. आई मांडी घालून बसली आणि तिनं बाळाला डावीकडे घेतलं की बाळ उजव्या कुशीवर येतं. उजवीकडे घेतलं की डाव्या कुशीवर. आता आपल्याकडे जन्मल्यावर बीसीजीची लस देतात ती डाव्या दंडात. पुढे सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंटची सुई टोचतात ती डाव्या मांडीत. माझ्या भाचीचं बाळ दीड महिन्याचं असताना अचानक उजवी बाजू नको म्हणू लागलं. ती रडवेली होऊन मला विचारते, “खाला, माझं उजवीकडचं दूध खराब झालं का गं?” आदल्या दिवशी लस टोचून आणली होती. उजवीकडे घेतलं की दुखरी मांडी आईच्या अंगाखाली दाबली जायची, एवढंच. दोन दिवसांत हट्ट संपला. दरम्यान घरात दुधाचा डबा येऊन पडला होता, तो आम्ही दुकानात परत पाठवला.

असंच कानाचं. एका कानात ठणका असेल तर त्या कुशीवर पडायला बाळ तयार होत नाही. काही बाळांची मान जन्मापासूनच एका अंगाला आखडलेली असते. पाळण्यातही ते एकाच बाजूला बघत राहतं, डोक्याची तीच बाजू चपटी होते. अवघड बाळंतपणात कधी गळ्याजवळचं हाड दुखावतं किंवा मोडतं. ही कारणं डॉक्टरांना दाखवावीत. मान व्यायामानं मोकळी होते, हाडही लवकर जुळून येतं.

आईकडची कारणं वेगळी. एका बाजूचं बोंड चपटं किंवा आत गेलेलं असलं तर बाळाला तोंडात नीट धरता येत नाही. दुधाचा वेगही दोन्हीकडे सारखा नसतो. पान्हा हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्द आहे. बाळ चोखू लागलं की काही क्षणांनी दूध आपोआप सुटतं, तो पान्हा. एखाद्या बाजूला तो इतका जोरात फुटतो की तान्ह्याला ठसका लागतो. तिथे आईनं मागे रेलून पाजावं. उलट दुसऱ्या बाजूला पान्हा सावकाश येतो आणि उतावळं बाळ चिडतं. तिथे आधी शेक द्यावा, हातानं हलकं चोळावं आणि दूध सुटू लागल्यावर बाळाला लावावं.

एका प्रसंगी दुधाची चव खरोखर बदलते. दूध तुंबून छाती सुजली, लाल झाली, ताप आला, तर त्या बाजूच्या दुधात मिठाचा अंश वाढतो आणि ते काही दिवस खारट लागतं. ते दूध बाळाला बाधत नाही. सूज असताना पाजणं थांबवलं तर दुखणं वाढतं. डॉक्टरांकडे जावं आणि पाजत राहावं.

फार क्वचित दिसणारी, पण सांगायलाच हवी अशी एक गोष्ट आहे. नीट पिणारं बाळ एक बाजू अचानक सोडून देतं, कारण काही सापडत नाही, त्या बाजूला गाठ लागते आणि पाजूनही ती विरत नाही. अशा वेळी ‘दुधाचीच गाठ असेल’ म्हणून घरी बसू नये. तपासून घ्यावं. आपल्या बायका इथे लाजतात, आणि लाजण्यात महिने जातात.

आता पाजायचं कसं? सोपी युक्ती अशी. आवडत्या बाजूला पिऊन झालं की बाळाची दिशा न बदलता त्याला तसंच सरकवून दुसऱ्या बाजूला न्यावं. त्याचे पाय आईच्या काखेखालून मागे जातात, कूस तीच राहते. पुष्कळ बाळांना आपली बाजू बदलल्याचं कळतही नाही! अर्धवट झोपेत, अंधाऱ्या शांत खोलीत, फेऱ्या मारता मारता नावडती बाजू द्यावी. भुकेनं कळवळलेल्या बाळाला मात्र तिथे जबरदस्तीनं दाबून धरू नये. अशानं ते छातीलाच भिऊ लागतं. जी बाजू बाळ घेत नाही, तिथलं दूध दिवसातून काही वेळा हातानं काढावं आणि वाटी-चमच्यानं पाजावं. प्रत्येक बाजू आपला हिशेब स्वतंत्र ठेवते. जिथून दूध निघतं तिथे ते बनतं, जिथे साचून राहतं तिथे आटतं.

आणि एवढं करूनही नाहीच जमलं तर? एका बाजूवर बाळ पोसतं. जुळ्यांच्या आया दोन बाळांना एकेक बाजू देतातच की. हाँगकाँगच्या टांका कोळ्यांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या फक्त उजवीकडे पाजत, कारण त्यांचे कपडे त्या बाजूला उघडत. त्यांच्यावरचा एक अभ्यास १९७७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. उतारवयात त्यांच्यात कर्करोग डाव्या, न पाजलेल्या बाजूला जास्त आढळला. ही गोष्ट जन्मभर सगळी मुलं एकाच बाजूला पाजणाऱ्यांची आहे, दोन-चार महिने हट्ट करणाऱ्या बाळाच्या आईनं त्यानं धास्तावू नये. दुसरी बाजू अधूनमधून देऊन बघत राहावं, इतकंच.

दूध पुरतं की नाही हे शेजारणीला विचारू नका, लंगोट मोजा. पहिल्या आठवड्यानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होत असतील, दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून निघालं असेल आणि पुढेही ते वाढत असेल, तर डब्याची गरज नाही. लंगोट कमी भिजत असतील किंवा बाळ मलूल पडून राहत असेल, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

राहता राहिली एक बारीकशी काळजी, जी मुली माझ्या कानात येऊन विचारतात. पिती बाजू मोठी आणि दुसरी लहान दिसू लागते. बाळाचं अंगावरचं सुटल्यावर हा फरक बहुतेक भरून येतो. तोवर पदर आहे, ओढणी आहे.