रॅकमधल्या ट्यूब अँपची धग

ट्यूब अँप रॅक केसमध्ये बसवायचा म्हटलं की लोकांना आधी ट्यूबची काळजी लागते. ती बहुतेक वेळा अनाठायी असते. पॉवर ट्यूब तापण्यासाठीच बनवलेली असते. ईएल३४ च्या पोटातला कॅथोड साडेसातशे अंश सेल्सिअसच्या आसपास पोचल्याशिवाय धड इलेक्ट्रॉन सोडत नाही, आणि बाहेरची काच दोनशे अंशांना तापली तरी ट्यूबला त्याचं काही वाटत नाही. वाट लागते ती शेजाऱ्यांची. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ८५, फार तर १०५ अंशांसाठी बनवलेले असतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्म्यावर येतं, हा जुना ठोकताळा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीवरचं इन्सुलेशन, सॉकेटचं सोल्डर आणि वरच्या खणातला डिजिटल डिले हेही सगळे भाजून निघतात.

लाकडी खोक्यातल्या नेहमीच्या हेडला मागून मोकळीक असते आणि बहुधा वर जाळीही असते. रॅक केसला वर सपाट प्लायवूडचं छप्पर. १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतले गिटारवादक बॉब ब्रॅडशॉ यांच्यासारख्यांकडून मोठमोठे रॅक बांधून घेऊ लागले, तेव्हापासून रॅकसाठीच बनलेले ट्यूब पॉवर अँप मिळतात. त्यांत हवेचा विचार निदान केलेला असतो. खरी पंचाईत होते ती साधा हेड खोक्यातून काढून रॅकच्या शेल्फवर ठेवला की.

आता उष्णता किती, ते मोजू. दोन ईएल३४ असलेला ५० वॉटचा हेड घ्या. एका ईएल३४ चा हीटर ६.३ व्होल्टला दीड अँपिअर घेतो, म्हणजे साडेनऊ वॉट. दोन्हींचे १९. तीन १२एएक्स७ चे मिळून सहाएक. शिवाय एका ईएल३४ ची प्लेट २५ वॉट सोसते आणि बायस साधारण त्याच्या ७० टक्क्यांवर ठेवतात, म्हणजे दोन्ही प्लेटचे ३५. स्क्रीन आणि ट्रान्सफॉर्मरची गळती धरली की एक सूरही न वाजवता ७०-७५ वॉट उष्णता झाली. जुना पिवळा बल्ब कपाटात लावून कपाट बंद करावं, तसंच हे. व्हॉक्स एसी३० सारख्या कॅथोड-बायस अँपची तऱ्हा आणखी वाईट: चार ईएल८४, आणि कोणी वाजवो न वाजवो, चारही जवळजवळ पूर्ण क्षमतेने तापत असतात.

सहा खणांच्या (६यू) केसमध्ये हवा जेमतेम ५०-६० लिटर मावते. एवढ्या हवेचं तापमान एका अंशाने चढवायला ७० ज्यूल पुरतात. म्हणजे उष्णतेला दुसरीकडे कुठे जाताच आलं नाही, तर पारा दर सेकंदाला एक अंश चढेल. प्रत्यक्षात पत्रा आणि प्लायवूड बरीचशी उष्णता शोषतात, म्हणून पहिलं अर्धं गाणं काही जाणवत नाही.

मग हवा किती खेळती हवी? थोडी मोकळीक धरून १०० वॉट बाहेर काढायचे आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त चढू द्यायचं नाही, तर सेकंदाला सव्वाआठ लिटर हवा पुरते. १२० मिलिमीटरचा साधा कॉम्प्युटर फॅन मोकळ्या हवेत याच्या दुप्पट-तिप्पट हवा सहज ढकलतो. जाळी आणि अडगळीतून त्यातली बरीच अडते, तरी पुरते. म्हणून १२ व्होल्टचा फॅन ७-८ व्होल्टवर, हळू फिरवावा. त्याला ३यू जागा लागते, ती द्यावी. १यू पॅनेलमधले ४० मिलिमीटरचे फॅन डासासारखे गुणगुणतात आणि रेकॉर्डिंगला माइकमध्ये उतरतात. मला ते मुळीच पसंत नाहीत.

अँप वर ठेवायचा की खाली? उष्णतेच्या हिशेबाने वर, वजनाच्या हिशेबाने खाली. ट्रान्सफॉर्मरचं लोखंड वर असलेला रॅक टेम्पोत पहिल्याच वळणाला कलंडतो, तेव्हा अँप खालीच ठेवावा. त्याच्यावर १यू जाळीचं पॅनेल, त्यावर उष्णता अडवणारा अॅल्युमिनियमचा आडवा पत्रा आणि मग बाकीची यंत्रं. पत्रा मागे पोचू देऊ नका. गरम हवेला मागच्या बाजूने वर सरकायला वाट हवी. फॅन मागे, वरच्या अंगाला, हवा बाहेर फेकणारा.

इथे एक चूक हमखास होते. मागची बाजू सताड उघडी आणि तिथेच फॅन. फॅन बिचारा आपल्याच खालची गार हवा ओढतो आणि परत बाहेर टाकतो; पुढे ट्यूबपाशी हवा हलतही नाही. फॅनच्या आसपासची मागची बाजू कोऱ्या पॅनेलने बंद करावी आणि हवेला समोरच्या खालच्या जाळीतून आत यायला भाग पाडावं. तपासायला उदबत्ती पुरते. ती जाळीसमोर धरा: धूर आत ओढला जाऊन मागून निघाला तर ठीक. कडेच्या फटीपाशी धरल्यावर तिथूनच आत जाऊ लागला, तर ती फट फोमच्या पट्टीने बुजवा.

फॅनला वीज वेगळ्या अडॅप्टरने द्या. अँपच्या हीटरच्या गुंडाळीतून घेतली तर ट्रान्सफॉर्मरवर नको तो भार पडतो आणि फॅनची घरघर थेट प्रीअँपमध्ये शिरते. केसला भोकं पाडायची तर अँप बाहेर काढून. धातूचा एक कीस आणि ४५० व्होल्ट एवढं पुरे होतं. आणि अँप बंद केला, प्लग काढला तरी कपॅसिटर भरलेले राहू शकतात, हे विसरू नका.

एखाद्या ट्यूबची प्लेट मंद लाल दिसू लागली तर फॅनचा वेग वाढवत बसू नका. तो बायसचा किंवा ट्यूबचा दोष आहे. अँप तिथल्या तिथे बंद करा. काचेच्या आत निळसर झाक दिसली तर मात्र बहुधा घाबरायचं कारण नसतं.

तापमान मोजायला मल्टिमीटरबरोबर मिळणारा थर्मोकपल बरा. त्याचं टोक केसच्या छताखाली मागच्या कोपऱ्यात चिकटवा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर सरळ खोटं सांगतो. तोच वापरायचा तर धातूवर काळी टेप लावून टेपवर रोखा. पुण्यात मे महिन्यात उघड्यावरच्या स्टेजवर बाहेरच ४० अंश असतात; त्यात १० मिळवा. साउंडचेकआधी काळा रॅक उन्हात तापत ठेवला असेल तर हिशेब ५० वरही थांबणार नाही, तेव्हा आधी सावली शोधा.

कार्यक्रम संपल्यावर अँप बंद करा, फॅन चालू राहू द्या. किलोकिलोंनी लोखंड तापलेलं असतं आणि ते लगेच निवत नाही. तापलेल्या ट्यूबला धक्काही सोसत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी ट्रान्सफॉर्मरच्या आवरणाला बाहेरून हात लावून पाहा. हात ठेववला की झाकणं लावा आणि मग उचला.