मत नसलेल्यांनी लढवलेली निवडणूक

१८८५ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबर महिन्यांत ब्रिटनमध्ये झालेली सार्वत्रिक निवडणूक आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही. त्या डिसेंबरात मुंबईला काँग्रेस भरली एवढेच आपण शिकतो. महिनाभर आधी लंडन, बर्मिंगहॅम आणि मँचेस्टरच्या मतदारांनी काय केले याच्याशी आपला काही संबंध होता, असे कोणी सांगत नाही. माझे म्हणणे असे की संबंध होता आणि तो चांगलाच जवळचा होता. मुंबई इलाख्याने ज्या पहिल्या निवडणुकीत जाणूनबुजून, माणसे आणि पैसा लावून भाग घेतला ती ही निवडणूक. त्या वेळी इलाख्याच्या हाती एकही मत नव्हते. दुसऱ्याच्या मतदाराला पटवून आपला कारभार सुधारता येईल ही आशा तिथे कसाला लागली आणि तोकडी पडली. पुढे नाशिकसारख्या जिल्ह्याला जी थोडीबहुत मते मिळाली, त्यांची मागणी धारदार झाली ती या अनुभवानंतर.

आधी त्या निवडणुकीचे वेगळेपण पाहू. ब्रिटनमध्ये मताचा अधिकार टप्प्याटप्प्याने रुंदावत गेला. १८३२ साली मध्यमवर्गाचा काही भाग आत आला आणि १८६७ साली शहरांतल्या कामगार कुटुंबप्रमुखांचा मोठा हिस्सा. १८८४च्या अखेरीस ग्लॅडस्टन यांच्या सरकारने शहरांचाच नियम खेड्यापाड्यांना लावला. त्यामुळे शेतमजूर आणि खाणकामगार मतदार झाले आणि एकूण मतदारसंख्या तीस लाखांच्या आसपास होती ती पन्नास लाखांच्या वर गेली. पाठोपाठ १८८५च्या कायद्याने लहान गावांच्या जुन्या जागा काढून घेतल्या आणि बहुतेक मतदारसंघ एकेका सदस्याचे केले. गुप्त मतदान १८७२ पासून होतेच. १८८३च्या कायद्याने उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा आणली होती आणि त्या मर्यादेखाली झालेली ही पहिली सार्वत्रिक निवडणूक. पैसे वाटून मते घेण्याचे दिवस सरत होते आणि सभा, पत्रके, घरोघरी फिरणारे स्वयंसेवक यांचे महत्त्व वाढत होते. ही लोकशाही पुरी नव्हतीच. स्त्रियांना मत नव्हते आणि प्रौढ पुरुषांतही दहापैकी जवळजवळ चार बाहेरच होते. पण ज्याला भाषण आणि छापील कागद याखेरीज दुसरे साधन नाही, त्याला इतकी अनुकूल निवडणूक ब्रिटनमध्ये आधी झाली नव्हती.

मुंबईच्या पुढाऱ्यांनी हे नेमके हेरले. १८८५च्या जानेवारीत फिरोजशहा मेहता, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या पुढाकाराने बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी राहिली होती. पुण्याची सार्वजनिक सभा, मद्रासची महाजन सभा आणि कलकत्त्याची इंडियन असोसिएशन यांच्या जोडीने तिने ब्रिटिश मतदारांना उद्देशून पत्रके काढली, आणि तीन इलाख्यांतून तीन प्रतिनिधी विलायतेला गेले. बंगालचे मनमोहन घोष, मद्रासचे रामस्वामी मुदलियार आणि मुंबईचे नारायण गणेश चंदावरकर. चंदावरकर तेव्हा तिशीचे होते. ते मूळचे उत्तर कानडा जिल्ह्यातल्या होनावरचे, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले, वकील आणि ‘इंदुप्रकाश’च्या इंग्रजी बाजूचे संपादक. नव्या मतदाराला सांगण्यासारखे त्यांच्याजवळ पुष्कळ होते. भारताच्या तिजोरीतून होणारा लष्करी खर्च, सरहद्दीपलीकडच्या मोहिमा, वरच्या नोकऱ्यांची बंद दारे आणि लोकांचा एकही निवडलेला सदस्य नसलेली कायदेमंडळे. मुंबईच्या असोसिएशनने याहून धीट पाऊल टाकले. कोणता उमेदवार हिंदुस्थानचा मित्र आणि कोणावर विश्वास ठेवू नये, हे तिने नावानिशी जाहीर केले. परक्या देशाच्या निवडणुकीत राज्यकर्त्यांपैकीच कोणाला पाडा असे राज्य केल्या जाणाऱ्यांनी उघडपणे सांगणे, ही गोष्ट १८८५ साली साधी नव्हती.

विश्वास ठेवू नये अशांत सर रिचर्ड टेंपल यांचे नाव होते, आणि ते का होते हे आपल्या भागातल्या वाचकाला कळायला हवे. १८७६-७७च्या दुष्काळाने दख्खन होरपळली. नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या भागालाही त्याची झळ लागली. त्या वेळी केंद्र सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी म्हणून आलेल्या टेंपल यांनी दुष्काळी कामांवरच्या मजुराचा रोजचा शिधा एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे इतका खाली आणला. एवढ्या शिध्यावर खडी फोडणारा माणूस जगत नाही असे सार्वजनिक सभेने आकडे देऊन मांडले आणि कित्येक ठिकाणी मजुरांनी कामे सोडली. हेच टेंपल पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८८० साली पार्लमेंटची निवडणूक लढवण्यासाठी पद सोडून मायदेशी गेले. तेव्हा ते हरले. याच यादीत ‘बॉम्बे गॅझेट’चे माजी संपादक मॅक्लीन होते, आणि बडोद्याच्या मल्हारराव गायकवाड प्रकरणात सरकारचे खास अधिकारी म्हणून गेलेले सर लुईस पेली होते. ज्यांचा कारभार इथल्या लोकांनी अंगावर सोसला, त्यांच्याविषयी इथल्या लोकांची साक्ष तिथल्या मतदाराने ऐकावी, इतकीच ती मागणी होती.

मतदाराने ती ऐकली नाही. टेंपल इव्हशॅममधून निवडून आले, मॅक्लीन ओल्डहॅममधून, पेली उत्तर हॅकनीमधून. मित्रांच्या यादीतले लालमोहन घोष डेप्टफर्डला पडले, विल्यम डिग्बी उत्तर पॅडिंग्टनला आणि ब्लंट उत्तर कँबरवेलला. सगळ्यांत बोलका निकाल बर्मिंगहॅमचा आहे. तिथे भारताचे जुने कैवारी जॉन ब्राइट उभे होते आणि त्यांच्यासमोर खुद्द भारतमंत्री लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल, म्हणजे विन्स्टन चर्चिल यांचे वडील. ब्राइट ७७३ मतांनी जिंकले. पण चर्चिल यांनी दक्षिण पॅडिंग्टनची जागाही लढवली होती. तिथून ते सभागृहात आले आणि भारतमंत्रीपदावर राहिले. त्याच नोव्हेंबरात, प्रचार ऐन भरात असताना, त्यांच्या खात्याने वरच्या ब्रह्मदेशावर फौज धाडली. १ जानेवारी १८८६ रोजी तो देश साम्राज्याला जोडल्याचा जाहीरनामा निघाला. युद्धाचा भार भारतीय तिजोरीवर पडणार होता, आणि ज्या निवडणुकीत हा प्रश्न गाजायला हवा होता तिच्यात तो गाजला नाही. शेतमजुराला जमिनीचा तुकडा मिळावा की नाही, चर्चचे सरकारी स्थान राहावे की जावे आणि आयर्लंडचे काय, हे तिथले प्रश्न होते. नव्या मतदाराला यात दोष देता येत नाही. त्याला पहिल्यांदाच मत मिळाले होते आणि ते त्याने स्वतःच्या पोटासाठी वापरले. प्रतिनिधित्वाचा अर्थच तो आहे. मत ज्याचे, त्याचा प्रश्न आधी. भारताचा प्रश्न कितीही न्याय्य असला तरी तो तिथे दुसऱ्याच्या घरचा होता.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. काँग्रेस भरवण्याची तयारी निवडणुकीच्या निकालाआधी कितीतरी महिने चालू होती. काँग्रेसचे संयोजक ह्यूम यांचे परिपत्रक मार्चमध्येच गेले होते. अधिवेशन पुण्याला ठरले होते आणि पटकीच्या साथीमुळे ते मुंबईला हलले. मग निकालातून काँग्रेसची मागणी निघाली असे कसे म्हणता येईल? तसे मी म्हणत नाही. इथल्या कायदेमंडळात इथले लोक असावेत ही मागणी तर त्याहूनही जुनी आहे. १८५२ साली बॉम्बे असोसिएशनच्या अर्जातही ती होती. पण मागणी असणे वेगळे आणि सगळे बळ तिच्यामागे लावणे वेगळे. १८७५च्या सुमारास सार्वजनिक सभेने ब्रिटिश पार्लमेंटमध्येच भारताला जागा मिळाव्यात म्हणून अर्ज केला होता. म्हणजे सार्वजनिक काकांच्या पिढीची नजर तेव्हा लंडनच्या सभागृहाकडे होती. २८ डिसेंबर १८८५ रोजी गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले, तेव्हा तेलंगांनी मांडलेल्या तिसऱ्या ठरावात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. इथल्या कौन्सिलांत पुरेसे निवडलेले सदस्य हवेत, आणि कौन्सिलच्या बहुमताचा विरोध सरकारने डावलल्यास तो ऐकायला पार्लमेंटची एक स्थायी समिती हवी. आधी आपले मत इथे नोंदवायचे, मग ते तिथे न्यायचे. ब्रिटिश मतदारांसाठी काढलेल्या पत्रकांपेक्षा हा क्रम उलटा आहे, आणि पुढची सात वर्षे काँग्रेसने लावून धरली ती यातली पहिली मागणी.

दुसरा आक्षेप दादाभाई नौरोजींच्या नावाने घेता येईल. १८८६ साली होबर्नला ते ३,६५१ विरुद्ध १,९५० मतांनी हरले, तरी त्यांनी पाठ फिरवली नाही. ब्रिटिश मतदारसंघ अजून काळ्या माणसाला निवडून देणार नाही, असे पंतप्रधान सॉल्झबरी १८८८ साली बोलले. त्यांनाही दादाभाईंनी १८९२ साली सेंट्रल फिन्सबरीत अवघ्या पाच मतांनी जिंकून उत्तर दिले. हा मतदारसंघ १८८५च्या फेररचनेतूनच जन्मलेला. तेव्हा विलायतेतला मार्ग बंद नव्हता, असे कोणी म्हणेल. दादाभाईंचा तो विजय मला फार मोठा वाटतो. पण त्याने काय हाती आले तेही पाहावे लागते. जून १८९३ मध्ये सनदी नोकरीच्या परीक्षा भारतातही एकाच वेळी घ्याव्यात असा ठराव हाउस ऑफ कॉमन्समध्ये निसटत्या बहुमताने मंजूर झाला. एवढे होऊनही सरकारने तो अमलात आणला नाही. कॉमन्समध्ये जिंकलेले मतही कलकत्त्याच्या आणि लंडनच्या कचेऱ्यांत अडते, हे त्यातून कळले. १८९५ साली दादाभाईंची जागा गेली.

आता नाशिककडे येऊ. ज्या १८८४ साली ब्रिटनच्या शेतमजुराला मत मिळाले, त्याच साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा आणि जिल्हा म्युनिसिपालिट्यांचा असे दोन कायदे झाले. लॉर्ड रिपन यांच्या १८८२च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावाची ही फळे. तालुका आणि जिल्हा बोर्डांत काही सदस्य निवडलेले, काही नेमलेले आणि जिल्हा बोर्डाच्या अध्यक्षस्थानी कलेक्टर, अशी ती रचना होती. रस्ते, शाळा, धर्मशाळा, देवी काढणे इतक्याच गोष्टी त्यांच्याकडे होत्या. पण १८९२च्या कौन्सिल कायद्यानंतर या बोर्डांना एक अनपेक्षित वजन आले. बोर्डांनी नाव सुचवायचे आणि सरकारने त्याची नेमणूक करायची, अशा आडवळणाने का होईना, इलाख्याच्या कौन्सिलात लोकांचा माणूस जाऊ लागला. १८९५ साली मध्य विभागाच्या, म्हणजे नाशिक, खानदेश, अहमदनगर, पुणे, सोलापूर आणि सातारा या सहा जिल्ह्यांच्या लोकल बोर्डांतर्फे कौन्सिलात गेले ते बाळ गंगाधर टिळक. १८९७ साली ते पुन्हा निवडून आले आणि त्याच वर्षी जुलैत राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले. ज्या दख्खनच्या साक्षीला इंग्लंडमध्ये टेंपल यांना अडवता आले नाही, तिने दहा वर्षांनी आपली साक्ष इलाख्याच्या सभागृहातच उभी केली.

यावर तिसरा आक्षेप आहे, आणि तो सगळ्यांत खरा आहे. या बोर्डांवर होते कोण? जमीनवाले, इनामदार, वकील. सिन्नर-येवल्याचा कोरडवाहू कुणबी, पेठकडचा आदिवासी, गावकुसाबाहेरची वस्ती आणि कोणत्याही घरातली बाई यांतल्या कोणाचेही मत त्यात नव्हते. कौन्सिलही दुबळे होते. अर्थसंकल्पावर बोलता येई पण मत देता येत नसे, आणि प्रश्न विचारता येई पण उपप्रश्न नाही. हे सारे मान्य करूनही मला १८९५ची ती निवड मोलाची वाटते, आणि त्याचे कारण १८८५ मध्येच आहे. इव्हशॅमचा मतदार टेंपल यांना जाब विचारू शकत होता, पण दुष्काळाबद्दल विचारण्याचे त्याला कारण नव्हते. नाशिकच्या बोर्डाच्या सदस्याजवळ कारण होते, कारण त्याच्याच तालुक्यातली विहीर आटली होती. अधिकार लहान असला तरी तो सोसणाऱ्याच्या जवळ आला होता. एकदा तो जवळ आल्यावर आम्हाला का नाही, हा प्रश्न बाहेर ठेवलेल्यांनी विचारणे अटळ होते. कोणाला आत घ्यायचे हा वाद आता इथल्या माणसांनी इथल्या माणसांशी घालायचा होता आणि तो त्यांनी घातला, कधी एकमेकांविरुद्ध फार कडवटपणे.

१९१९च्या कायद्याने जिल्ह्यांना थेट मतदारसंघ मिळाले. १९२०ची निवडणूक काँग्रेसच्या बहिष्कारात झाली आणि मतदार म्हणून नोंदले गेले ते मुख्यतः सारा आणि कर भरणारे पुरुष. १९२१ साली नवे मुंबई कौन्सिल भरले, तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी सर नारायण चंदावरकर होते. पस्तीस वर्षांपूर्वी मत नसलेल्यांची बाजू घेऊन इंग्लंडच्या सभा गाजवायला गेलेले तेच. मधल्या काळात ते हायकोर्टाचे न्यायाधीश झाले होते आणि काँग्रेसचे अध्यक्षही. ब्रिटिश उदारमतावरची त्यांची श्रद्धा पुष्कळांना तोवर जुनाट वाटू लागली होती. त्याच वर्षी या कौन्सिलने मतदार होण्यातली स्त्रीत्वाची आडकाठी काढून टाकण्याचा ठराव केला. मालमत्तेची अट तशीच राहिली, म्हणून त्याचा लाभ थोड्याच स्त्रियांना झाला. पण पुरुषांच्याच अटींवर स्त्रीला मत द्यायला ब्रिटनच्या पार्लमेंटला १९२८ साल उजाडावे लागले.