विश्लेषण : घरातल्या घरात फाइल पाठवायला रात्र का लागते?

जुन्या लॅपटॉपमधले दहा-बारा वर्षांचे फोटो, लग्नाचे चित्रीकरण, आजीच्या आवाजातले ध्वनिमुद्रण नव्या संगणकावर हलवायला घ्यावे आणि पडद्यावर ‘सात तास शिल्लक’ असे दिसावे, हा अनुभव अनेक घरांत येतो. दोन्ही यंत्रे एकाच घरात, इंटरनेटही वेगवान, तरी फाइल मुंगीच्या पावलांनी सरकतात. मग ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणून काम मागे पडते. असे अनेक रविवार जातात आणि एके दिवशी जुनी हार्ड डिस्क सुरूच होत नाही. त्यामुळे हा वेग नेमका कुठे अडतो, हे माहीत असणे गरजेचे ठरते. बहुतेक घरांत त्यावरचा उपाय फार खर्चीकही नसतो.

इंटरनेटची योजना वाढवून फरक पडतो का?

बहुतेक वेळा नाही. एका खोलीतल्या संगणकावरून दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर फाइल पाठवली, की ती राउटरपर्यंत जाते आणि तिथूनच वळून दुसऱ्या यंत्राकडे येते. ती घराबाहेर पडतच नाही. इंटरनेट बंद असले तरी राउटर सुरू असेल, तर हे काम चालू राहते. त्यामुळे ५० एमबीपीएसची योजना बदलून ३०० ची घेतली, तरी या कामाचा वेग तेवढाच राहतो. अपवाद व्हॉट्सॲप किंवा गूगल ड्राइव्हच्या मार्गाचा. तिथे फाइल आधी बाहेरच्या सर्व्हरवर चढते आणि मग परत उतरते. या मार्गात योजनेचा, विशेषतः अपलोडचा वेग महत्त्वाचा असतो.

‘एमबीपीएस’ आणि ‘एमबी’ यांत गल्लत कशी होते?

जाहिरातीतला, राउटरवरचा किंवा केबलवरचा वेग मेगाबिटमध्ये सांगितलेला असतो. फाइलचा आकार आणि कॉपी करताना दिसणारा वेग मात्र मेगाबाइटमध्ये असतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट जाऊ शकतात, प्रत्यक्षात ११ च्या आसपास. हजार मेगाबिटच्या, म्हणजे गिगाबिट जोडणीतून ११० पर्यंत मिळतात. हिशेब केला की फरक लक्षात येतो. १०० जीबीचा साठा ११० च्या वेगाने सुमारे १५ मिनिटांत जातो, ११ च्या वेगाने अडीच तासांत आणि ४ च्या वेगाने सात तासांत. पडद्यावर ११ दिसत असतील, तर यंत्रणेत बिघाड नसतो. वाटेतला एखादा दुवा १०० मेगाबिटचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

वायफायवर वेग निम्मा का होतो?

वायफायवर एका वाहिनीवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते. दोन्ही लॅपटॉप एकाच राउटरच्या एकाच वायफायवर असतील, तर प्रत्येक तुकडा आधी पहिल्याकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून दुसऱ्याकडे, असा हवेतून दोनदा जातो. त्यामुळे उपलब्ध वेग जवळपास निम्मा होतो. त्यातच संगणकावर दिसणारा जोडणीचा वेग हा कमाल आकडा असतो. प्रत्यक्षात हाती येतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. साध्या २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर १४४ एमबीपीएस दिसत असेल, तर दोन्ही कपाती होऊन सेकंदाला चार-पाच मेगाबाइटच उरतात. ‘सात तास’ येतात ते इथून.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न येणाऱ्या वाहिन्या फक्त तीन, १, ६ आणि ११. इमारतीतल्या प्रत्येक सदनिकेतला राउटर त्यांच्यावरच दाटीवाटीने बसतो. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनचा अडथळाही याच पट्ट्यात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यामानाने मोकळा आणि बराच वेगवान असतो, पण काँक्रीटच्या भिंतींतून तो लवकर क्षीण होतो. आपल्याकडे फायबरची तार दारातून आत येते म्हणून राउटरही दाराच्या वर, माळ्यावर किंवा टीव्हीच्या कपाटात बसतो आणि लॅपटॉप असतो शेवटच्या खोलीत. मोठी कॉपी करायची असेल, तर दोन्ही यंत्रे राउटरच्या खोलीत आणून ५ गिगाहर्ट्झवर जोडणे हा फुकटचा उपाय आहे. त्यातले एक यंत्र केबलने जोडले, तर हवेतली एक फेरी वाचते.

केबल लावली तरी ११ च्या पुढे का जात नाही?

याची कारणे सहसा दोन. पहिले म्हणजे राउटर. स्वस्त राउटरचे, तसेच जोडणीसोबत मिळालेल्या अनेक राउटरचे लॅन पोर्ट १०० मेगाबिटचेच असतात. खोक्यावर वायफायचा आकडा हजाराच्या पुढे असला तरी पोर्टचा वेग वेगळा पाहावा लागतो. दुसरे कारण म्हणजे केबल. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यातल्या दोन पुरतात, गिगाबिटला मात्र चारही लागतात. एखादी तार तुटली, क्लिप नीट दाबली गेली नाही किंवा दारात चेंगरली, तर जोडणी पूर्ण बंद न पडता अनेकदा गुपचूप १०० वर उतरते. इंटरनेट चालू राहते, म्हणून केबलवर कोणी संशय घेत नाही.

जोडणी कितीवर आहे, हे विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ या ओळीत दिसते. तिथे १००० ऐवजी १०० असेल, तर आधी केबल बदलून पाहावी. कॅट-५ई किंवा कॅट-६ची केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वाहून नेते, घरासाठी याहून महाग काही लागत नाही. मात्र तांब्याचा फक्त मुलामा असलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त केबल टाळाव्यात.

दोष नेटवर्कचा की डिस्कचा?

वाटेत सर्वांत मंद असलेला दुवा सगळ्या कामाचा वेग ठरवतो आणि तो दुवा अनेकदा नेटवर्क नसून डिस्क असते. लॅपटॉपमधली फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक मेगाबाइट देते, यूएसबी २.० च्या पोर्टला लावलेली बाहेरची डिस्क ३० ते ४० आणि साधा पेन ड्राइव्ह लिहिताना त्याहूनही कमी. राउटरलाच यूएसबी डिस्क लावली असेल, तर राउटरमधला छोटा प्रोसेसर दमतो. सुरुवातीला वेग भरपूर दिसतो आणि काही सेकंदांनी कोसळतो, याचेही कारण सहसा हेच. आधीचा भाग मेमरीत साठवला जातो, ती भरली की डिस्कचा खरा वेग उघड होतो.

ओळखण्याची सोपी रीत अशी. कॉपी सुरू असताना दोन्ही संगणकांवर टास्क मॅनेजरमधले ‘परफॉर्मन्स’ पान उघडावे. डिस्क १०० टक्के व्यग्र आणि नेटवर्कचा आलेख खाली असेल, तर दोष डिस्कचा. डिस्क निवांत आणि नेटवर्कचा आलेख ९५ एमबीपीएसच्या आसपास सपाट असेल, तर १०० मेगाबिटचा दुवा शोधावा. आलेख सतत वरखाली होत असेल, तर वायफायवर संशय घ्यावा. डिस्क पूर्ण वगळून फक्त नेटवर्क मोजायचे असेल, तर आयपर्फ हे मोफत साधन दोन्ही संगणकांवर चालवता येते.

हजारो लहान फाइल इतक्या का रेंगाळतात?

१० जीबीचा एक चित्रपट आणि १० जीबीचे लहान लहान फोटो यांना सारखाच वेळ लागत नाही. प्रत्येक फाइलसाठी ती उघडणे, नाव-तारीख नोंदवणे, बंद करणे हा व्यवहार नेटवर्कवरून वेगळा होतो, शिवाय अँटिव्हायरस प्रत्येकीची झडती घेतो. फिरत्या डिस्कला तर प्रत्येक वेळी जागा शोधत फिरावे लागते. अशा वेळी पूर्ण फोल्डरची, न दाबता, एकच झिप फाइल करून पाठवणे अनेकदा सोयीचे पडते. फोटो आणि व्हिडीओ आधीच दाबलेले असतात, त्यांना आणखी दाबण्यात वेळच जातो.

कोणते उपाय टाळावेत?

जुन्या साठवण यंत्रासाठी विंडोजमधली ‘एसएमबी-१’ ही जुनी पद्धत पुन्हा सुरू करा, असा सल्ला अनेकदा मिळतो. त्याने वेग वाढत नाही, धोका मात्र वाढतो. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने याच पद्धतीतल्या त्रुटीतून शिरकाव केला होता. अँटिव्हायरस कायमचा बंद ठेवणे हाही उपाय नव्हे. व्हीपीएन मात्र कॉपीपुरते बंद करून पाहावे, काही व्हीपीएन घरातल्या घरातली वाहतूकही अडवतात. मौल्यवान फाइल ‘कट’ करून हलवू नयेत. आधी कॉपी करावी, चार फोटो आणि व्हिडीओ नव्या जागी उघडून पाहावेत, मगच जुने पुसावे.

संथपणा धोक्याचा इशारा कधी असतो?

तारांचा किंवा वायफायचा दोष सगळ्या फाइलना सारखा छळतो. पण कॉपी ठरावीक फाइलपाशीच अडकत असेल, वेग एकदम काही किलोबाइटवर येत असेल किंवा डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल, तर राउटर तपासत बसू नये. डिस्कचा खराब झालेला भाग पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न होत असतो, म्हणून ती मंदावते. अशा वेळी डिस्क दुरुस्तीची किंवा डीफ्रॅगची साधने चालवली, तर तिच्यावरचा ताण वाढतो. नेटवर्कचा मार्ग सोडून बाहेरची डिस्क थेट त्या संगणकाला जोडावी आणि जे पुन्हा मिळणार नाही ते आधी काढून घ्यावे. चित्रपट, गाणी, सॉफ्टवेअर नंतर. टकटक सुरूच राहिली, तर संगणक बंद करून डेटा परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावे.

एकूण क्रम काय असावा?

आधी ‘लिंक स्पीड’ पाहावा, मग केबल बदलावी, मग टास्क मॅनेजरमध्ये डिस्क तपासावी. दोन्ही संगणकांना लॅन पोर्ट असेल, तर राउटर वगळून ते एकाच केबलने थेट जोडूनही कॉपी करता येते. आजच्या गिगाबिट पोर्टना त्यासाठी वेगळ्या प्रकारची केबल लागत नाही. नवा राउटर घेण्याचा विचार सर्वांत शेवटी. आणि यातले काहीच जमले नाही, तर सात तास लागले तरी चालतील, रात्री कॉपी लावून झोपावे. लॅपटॉपला चार्जर लावलेला आणि स्लीप बंद असला, की झाले. दुसरी प्रत तयार होणे महत्त्वाचे, ती पंधरा मिनिटांत झाली की रात्रभरात, हा प्रश्न नंतरचा.