टार्पन : दिसतो तारलीसारखा, नातलग मात्र वामेचा

चंदेरी अंग, दुभंगलेली शेपटी, वर वळलेला जबडा आणि मोठमोठे खवले. टार्पनचे छायाचित्र पाहून कुणाला ती राक्षसी आकाराची तारली वाटली, तर त्याला हसू नये. 1782 मध्ये ब्रूसॉने या फ्रेंच अभ्यासकाने हिंदी-प्रशांत महासागरातल्या टार्पनचे वर्णन केले, तेव्हा त्यानेही तो हेरिंगच्या ‘क्लुपिया’ गटातच घातला होता. पुढची दीडशेहून अधिक वर्षे टार्पनला हेरिंग-तारलीच्याच शेजारी जागा मिळत राहिली.

वस्तुस्थिती अशी, की टार्पनचे जवळचे नातलग आहेत ईल मासे, म्हणजे आपल्या बाजारात येणारी समुद्रातली वाम आणि तिची भावंडे. 1966 मध्ये ग्रीनवूड, रोझेन, वाइट्झमन आणि मायर्स या चौघांनी माशांच्या वर्गीकरणाची नव्याने मांडणी केली आणि टार्पन, लेडीफिश, बोनफिश आणि सगळे ईल एलोपोमॉर्फा या एका छत्राखाली आणले. मोठ्या वयात टार्पन आणि ईलमध्ये साम्य शोधून सापडत नाही. त्यांना जोडणारा दुवा आहे त्यांचे बालपण. या सगळ्यांचे डिंभक पानासारखे चपटे, इवल्या डोक्याचे आणि आरपार दिसेल इतके पारदर्शक असतात. त्यांना लेप्टोसेफॅलस म्हणतात. टार्पन आणि बोनफिशच्या डिंभकाची शेपटी दुभंगलेली असते, ईलच्या डिंभकाची नसते. ओळखायची ही सोपी खूण.

डिंभक वाढत वाढत मासा होतो, ही आपली साधी समजूतही इथे कोसळते. टार्पनचा डिंभक जेमतेम तीन सेंटिमीटरचा होतो आणि मग चक्क आखडतो, जवळपास निम्मा होतो. त्यानंतर तो माशाचे रूप घेतो आणि पुन्हा वाढू लागतो. हे रूपांतर इतके टोकाचे असते, की एकेकाळी लेप्टोसेफॅलस ही माशांची वेगळीच जात मानली जाई. त्यांतला एक लेप्टोसेफॅलस युरोपीय ईलचाच डिंभक आहे, हे ग्रासी आणि कालांद्रुच्चो या इटालियन संशोधकांनी 1896 च्या सुमारास दाखवून दिले.

अशाच एका डिंभकाने शास्त्रज्ञांनाही एकदा चांगलेच चकवले. 1930 मध्ये ‘दाना’ या डॅनिश संशोधन जहाजाच्या जाळ्यात दक्षिण आफ्रिकेजवळ एक लेप्टोसेफॅलस आला. लांबी सुमारे 1.8 मीटर! युरोपीय ईलचा सात-आठ सेंटिमीटरचा डिंभक मोठेपणी मीटरभर होतो, तर हा केवढा होईल? त्रैराशिक मांडले की उत्तर येई वीस मीटरच्या वर, आणि दर्यावर्दींच्या गप्पांतला सागरी सर्प खरा ठरू लागे. गणितात चूक नव्हती, गृहीतकात होती. 1970 च्या सुमारास उलगडले, की असे दांडगे डिंभक खोल समुद्रातल्या नोटाकँथिफॉर्म माशांचे असतात. तेही टार्पन-ईलच्याच गोतावळ्यातले. पण रूपांतरानंतर ते फारसे वाढतच नाहीत.

उलटाही घोळ होतो. लांब, वळवळणारे अंग दिसले की मासा ईल ठरत नाही. आपल्या नद्यांत मिळणारी, पाठीवर काट्यांची रांग असलेली वाम या कुळातली अजिबात नाही.

टार्पन पाण्यावर येऊन लोळतो, तो खेळ म्हणून, असेही सांगतात. तो हवा घेत असतो. त्याच्या वाताशयात फुप्फुसासारखे ऊतक असते आणि घशातून तिथवर वाट असते. खारफुटीतल्या कुबट, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात त्याची पिल्ले तग धरतात ती याच जोरावर. मोठ्या भक्षक माशांना तिथे दम धरवत नाही.

टार्पन फक्त अमेरिकेचा, हेही खरे नाही. त्याच्या दोन जाती आहेत. अटलांटिकमधली दोन मीटरच्याही पुढे जाते. हिंदी-प्रशांत महासागरातली बरीच लहान असते, आणि ती आपल्या देशाच्या किनाऱ्यालगत, खाड्यांतही आढळते.

राहता राहिला सर्वांत सोयीचा समज : ‘फ्लोरिडात टार्पन खात नाहीत, पकडून सोडून देतात, मग त्याला कसला धोका?’ एक तर ब्राझीलसारख्या देशांत त्याचे मांस आणि गाबोळी आवडीने खातात. अटलांटिकमधली जात आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदली आहे. मादी पिकायला दहा-एक वर्षे लागतात, त्यामुळे घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. शिवाय सोडलेला प्रत्येक मासा वाचतोच असे नाही. गळाशी झुंजून थकलेल्या टार्पनला हॅमरहेड आणि बुल शार्क सहज गाठतात. म्हणूनच फ्लोरिडात 40 इंचांहून मोठा टार्पन पाण्याबाहेर काढायला बंदी आहे, विक्रमासाठी खास परवाना घेतलेला अपवाद सोडला तर. त्याला बोटीत ओढून, मिठीत घेऊन छायाचित्र काढायची हौस तिथे कायद्यात बसत नाही.