दोन केंद्रकांच्या पेशीचा धडा

निरोगी यकृताचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की गुलाबी पेशींच्या रांगा दिसतात. प्रत्येक पेशीत जांभळट, गोल केंद्रक असतं. जरा निरखून पाहिलं तर काही पेशींमध्ये अशी दोन केंद्रकं शेजारी शेजारी बसलेली आढळतात. हा रोग नव्हे, यकृताची ती रीतच आहे. जन्मानंतर काही पेशी विभाजनाला सुरुवात करतात, गुणसूत्रांची नक्कल करतात, पण शेवटी दोन होतच नाहीत. मोठ्या माणसाच्या यकृतातल्या बऱ्याच पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी चार किंवा आठ संच असतात. उंदराच्या यकृतात तर बहुतेक पेशी अशाच असतात. यकृताच्या कर्करोगावरची एक नवी कल्पना या अर्धवट विभाजनातूनच पुढे आली आहे.

पेशींचं विभाजन रोखून कर्करोग आटोक्यात आणायचा, हा विचार जुना आहे. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं विनक्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर कित्येक दशकं वापरलं जातंय. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन्ही टोकांकडे ओढून नेणारे धागे ते उभे राहू देत नाही. पण हेच धागे मज्जातंतूंनाही लागतात, म्हणून हातापायांना मुंग्या येतात. या जातीच्या इतर औषधांनी केस गळतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. शरीरात जिथे जिथे पेशी झपाट्याने वाढतात, तिथे तिथे मार बसतो.

यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णाला हा मार सोसवत नाही. त्याला बहुधा आधीच सिरॉसिस असतो; हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, नाहीतर मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारी चरबी यांनी यकृत आतून निबर झालेलं असतं. रूढ केमोथेरपीने या आजारात फारसं काही साधलं नाही. 2007 साली सोराफेनिब हे औषध आलं. मोठ्या चाचणीत त्याने रुग्णांचं मध्यक आयुर्मान 7.9 महिन्यांवरून 10.7 महिन्यांवर नेलं. इतक्याशा वाढीचंही तेव्हा मोठं स्वागत झालं, यावरून हा आजार किती हट्टी आहे ते कळतं. 2020 पासून अटेझोलिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब या औषधांच्या जोडीने आणखी थोडी मजल मारली. तरीही 2022 मध्ये जगभरात साडेसात लाखांहून अधिक माणसं या कर्करोगाने गेली.

आता त्या अर्धवट विभाजनाकडे वळू. गुणसूत्रं वेगळी झाल्यावर पेशीच्या कमरेभोवती ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचं एक कडं तयार होतं आणि पिशवीची नाडी आवळावी तसं ते घट्ट होत जातं. हे कडं जागेवर धरून ठेवणारं प्रथिन म्हणजे ॲनिलिन. ख्रिस्टीन फील्ड आणि ब्रूस अल्बर्ट्‌स यांनी 1995 साली फळमाशीत त्याचं वर्णन केलं. ॲनिलिन नसेल तर कडं ढिलं पडतं, पेशी दुभंगत नाही आणि दोन केंद्रकं घेऊन तशीच राहते. यकृताच्या कर्करोगात हे प्रथिन वाढलेलं आढळतं.

अमेरिकेत डॅलस इथल्या टेक्सास विद्यापीठाच्या साउथवेस्टर्न वैद्यकीय केंद्रात हाओ झू यांच्या गटाने 2018 मध्ये उंदरांत हेच प्रथिन रोखून पाहिलं. ॲनिलिन बनवण्याचा निरोप नेणारा आरएनए नष्ट करणारे छोटे आरएनए-तुकडे त्यांनी मेदाच्या अतिसूक्ष्म थेंबांत भरून टोचले. असे थेंब रक्तातून मुख्यतः यकृतातच जाऊन पोचतात, म्हणून बाकीच्या अवयवांना फारशी झळ लागत नाही. उंदरांमधल्या गाठी घटल्या. मला याहून मोलाची वाटते ती दुसरी नोंद: यकृताचा भाग कापून काढल्यावरही ते पुन्हा भरून आलं. दोन होता आलं नाही तरी निरोगी यकृतपेशी आकाराने वाढून काम निभावतात. कर्करोगाच्या पेशीला मात्र संख्या वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही.

याच गटाच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. जादा संच असलेल्या पेशींना कर्करोग होण्याचा धोका कमी असतो, कारण गाठ रोखणाऱ्या जनुकाची एक प्रत बिघडली तरी इतर शिल्लक राहतात.

औषधाच्या दुकानापर्यंतची वाट मात्र लांब आहे. पीएलके1 या विभाजनातल्याच दुसऱ्या प्रथिनाला रोखणारं आरएनए-औषध याच पद्धतीने यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. ते बऱ्यापैकी सोसवलं, पण गाठींवर पुरेसा परिणाम झाला नाही. औषध निरोगी यकृतपेशीत सहज शिरतं. गाठीच्या आत, प्रत्येक बिघडलेल्या पेशीत ते पोचवणं अवघड असतं. औषध पोचवण्याचा हा प्रश्न सुटेपर्यंत ॲनिलिनकडूनही चमत्काराची अपेक्षा करू नये. पण दिशा बरोबर आहे, असं माझं ठाम मत आहे: मारा सगळीकडे करण्यापेक्षा, यकृताला ज्याच्यावाचून चालतं आणि गाठीला चालत नाही, तेवढंच हिरावून घ्यावं.

तोवर हाताशी असलेले उपाय वाया घालवू नका. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत हिपॅटायटिस बीची लस मिळाली की नाही, ते डॉक्टरांना विचारा. स्वतःची बी आणि सी या दोन्ही विषाणूंची तपासणी एकदा करून घ्या. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते आणि उपचारही मिळतात. घरात कुणाला सिरॉसिस असेल, तर दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नका. गाठ लहान असताना सापडली तर ती काढून टाकता येते.